कुलूप नसलेली बावीस घरं

पाणीपुरवठ्याची योजना आखायची म्हणजे पाइप, पंप आणि टाकी असं लोकांना वाटतं. ती सगळी नंतरची कामं. पहिला प्रश्न असतो, माणसं किती? आज किती हा त्यातला सोपा भाग. गावात बांधलेली टाकी तीस वर्षं पुरायला हवी, म्हणून तीस वर्षांनंतर गावात किती माणसं असतील तेही आजच ठरवावं लागतं आणि त्या आकड्याखाली सही करावी लागते. ज्योतिषीसुद्धा सही करत नाही. मी चोवीस वर्षं करतो आहे.

पुण्यातल्या एका सल्लागाराच्या कार्यालयात मी सर्वेक्षक आहे. मावळ तालुका बहुतेक माझ्याकडेच असतो, कारण मी तळेगावात राहतो. गावात जायचं, लेव्हल लावून चढउतार मोजायचे, घरोघर फिरून माणसांची यादी करायची आणि कार्यालयात बसून पुढचा हिशेब मांडायचा, असं माझं काम. लेव्हलची लांब पट्टी धरायला सुरुवातीपासून रामभाऊ आहेत. ते माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आणि पट्टीपेक्षा सरळ.

पुढची लोकसंख्या काढायच्या तीन रीती आहेत. मागच्या तीन-चार दशकांत दर दशकाला सरासरी किती माणसं वाढली ते काढायचं आणि तेवढीच पुढे मिळवत जायची, ही पहिली. दुसरीत माणसांऐवजी टक्के धरायचे. तिसरीत वाढ स्वतः किती वाढते आहे तेही धरायचं. वाढत्या गावात पहिल्या रीतीचा आकडा लहान येतो, दुसरीचा फुगलेला, आणि तिसरीचं काही सांगता येत नाही. बऱ्याचदा आम्ही तिन्ही उत्तरांची सरासरी घेतो. ‘तीन चुका एकत्र करून एक अधिकृत चूक तयार करायची,’ असं आमचे प्रमुख सबनीस साहेब म्हणत. ते स्वतः मात्र प्रत्येक आकडा दोनदा तपासत.

माझ्या अधिकृत चुकांपैकी एक उर्से टोलनाक्याच्या बाजूच्या एका गावात उभी आहे. तिथे तीस वर्षांनी जेवढी माणसं होतील असं मी लिहून दिलं होतं, तेवढी नऊ वर्षांतच झाली. सूत्रात चूक नव्हती. सूत्र फक्त जन्मलेली, मेलेली आणि आजवर ज्या वेगाने आली-गेली तेवढीच माणसं ओळखतं. रस्ता झाला, कारखाने आले आणि शेतकऱ्यांनी भाताच्या खाचरात ओळीने खोल्या बांधल्या. एकेका खोलीत पाच-सहा जण, दोन पाळ्यांत झोपणारे. कोणी लातूरकडचे, कोणी बिहारचे. मी दुसऱ्यांदा यादी करायला गेलो तेव्हा खोल्यांचे मालक माझ्यावर चिडले.

‘सायब, ह्यांची नावं कशाला ल्हिता? ह्ये काय हितले न्हाईत.’

‘पाणी कुणाचं पितात?’

‘माझंच की!’

‘मग लिहितो.’

खंडाळ्याला वेगळाच घोळ. तिथे एका बंगल्याच्या माळ्याला विचारलं, घरात माणसं किती? तो म्हणाला, ‘बुधवारी मी आन् कुत्रा. शनवारी वीस-बावीस.’ अशा वेळी आम्ही शनिवार धरतो. पाइप सरासरीवर चालत नाही, सर्वांत गर्दीच्या दिवसाला पुरावा लागतो. म्हणजे जी माणसं वर्षातून वीस रात्री येतात त्यांच्यासाठी आम्ही वर्षभराचा पाइप टाकतो. हा नियम बरोबर आहे. मी तो कित्येकदा वापरला आहे. फक्त एका ठिकाणी मला तो आठवला नाही, आणि हा लेख त्या ठिकाणाबद्दल आहे.

ते आंदर मावळातलं गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. एसटी दिवसातून दोनदा येते, त्यातली एक येईलच असं नाही. गावठाणात मराठ्यांची घरं, ओढ्याकडेला बौद्धांची आळी, आणि गावापासून चौदाशे मीटरवर, सत्तावीस मीटर उंचावर कातकऱ्यांची वाडी. अंतर आणि उंची आम्हीच मोजलेली, म्हणून पक्की सांगतो. गावाची विहीर फाल्गुनात तळ दाखवायची. वाडीला एक झरा होता, तो त्याच सुमारास बारीक व्हायचा आणि पाऊस लागेपर्यंत सगळ्या वाडीला पुरायचा नाही. मग वाडीवर असतील त्या बायका उतरून नदीवर जायच्या आणि भरलेले हंडे घेऊन तो सगळा चढ चढायच्या. नवी योजना नदीकाठच्या विहिरीतून गावाला पाणी देणार होती. ते पुढे वाडीपर्यंत न्यायचं की नाही, हे माझ्या यादीवर ठरणार होतं.

माझ्या नोकरीचं ते नववं वर्ष. शिवरात्रीच्या आधीचा आठवडा होता. आमच्या घरयादीच्या छापील तक्त्यात घराच्या स्थितीचे तीन रकाने होते: वापरात, कुलूपबंद, ओसाड. वापरातलं घर सरळ मोजायचं. कुलूपबंद असेल तर शेजाऱ्याला विचारून माणसं लिहायची, कारण घरवाले नोकरीधंद्याला बाहेर असतात आणि कधीतरी परत येतात. ओसाड म्हणजे सोडून दिलेलं. त्यापुढे शून्य.

गावात एकशे बारा घरं निघाली, त्यातली एकतीस कुलूपबंद. प्रत्येक कुलपाशी मला हाताला धरून नेलं ते धोंडिबा आबांनी. आबा त्या वेळी सरपंच होते.

‘ह्यो आमचा थोरला, चाकणला असतो. लिव्हा चार. ह्यो पुतन्या, तळेगावला. लिव्हा पाच.’

‘पाच जण आहेत का?’

‘चार हायेत. पाचवं येतंय.’

पाचवं मी लिहिलं नाही, पण कुलपं सगळी धरली. मला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या स्वतःच्या घराला माण तालुक्यात असंच कुलूप आहे, आणि तिथल्या योजनेच्या पाहणीत काकांनी आमची चार माणसं लिहायला लावली होती. आम्ही तळेगावातही चारच आहोत. म्हणजे महाराष्ट्राच्या पाण्यात आम्ही आठ जण आहोत.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. सरपंच बरोबर आले नाहीत. ‘तितं काय हाय बघायला,’ म्हणाले. सव्वीस झोपड्या होत्या, कुडाच्या, काहींवर कौलं. चारांत माणसं होती, एकूण नऊ, सगळी म्हातारी. उरलेल्या बावीस झोपड्यांच्या दारांवर बोराटीची वाळलेली फांदी आडवी टाकलेली होती. कुलूप एकालाही नव्हतं. रामभाऊंनी एका दाराशी वाकून पाहिलं. आत चूल होती, राख गार होती, भांडं एकही नव्हतं.

पुढच्या अंगणात एक म्हातारी दळण निवडत बसली होती आणि तिच्याभोवती कोंबड्याच कोंबड्या. तिचं नाव बुधीबाई. मला जे दिसेल ते मोजायची सवय आहे. बासष्ट भरल्या. योजनेत गुरांचं पाणी धरतात, कोंबड्यांचं धरत नाहीत, तरी मी फील्डबुकाच्या समासात ‘कोंबड्या ६२’ असं लिहून ठेवलं. कित्येकींच्या पायाला चिंध्या बांधलेल्या होत्या, तांबड्या, पिवळ्या, हिरव्या.

रामभाऊंना गावरान कोंबडीचा मोह पडला. ‘आजी, एक देता का इकत?’

‘इकायच्या न्हाईत, बाबा. माझी ती एक लंगडी. बाकी दुसऱ्याच्या हायेत.’

‘दुसऱ्याच्या? चोरून आनल्या का काय?’

‘चोराच्या दारात कोन राखन ठेवतं रं?’ म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा निवडू लागली.

आम्ही हसलो. कोंबड्या कुणाच्या, हे मी विचारलं नाही. तक्त्यात त्याला रकाना नव्हता. बावीस घरांपुढे ‘ओसाड’ लिहिलं, चारांपुढे नऊ माणसं लिहिली. वीस वापरातली घरं असल्याशिवाय वस्तीसाठी वेगळी पाइपलाइन धरायची नाही, असा आमच्या कार्यालयाचा ठोकताळा होता. मी शेरा दिला, ‘वाडीस सध्याचा झरा पुरेसा आहे.’ नऊ माणसांना तो खरंच पुरत होता. हिशेबात चूक शोधूनही सापडली नसती.

अंदाजपत्रक मंजूर झालं. दिवाळी झाल्यावर आठवड्याभरात मी आणि रामभाऊ पाइपच्या रेषेवर खुंट्या मारायला गावात गेलो. वाडीजवळच्या खडकावर एक उंचीची खूण करायची होती, म्हणून सकाळी आठच्या सुमारास वर निघालो, तर पायवाटेवरून माणसं खाली येत होती. डोक्यावर बोचकी, हंड्यांत कोंबलेली भांडी, कडेवर पोरं. खाली रस्त्यावर ट्रक उभा होता.

वाडीवर तर गडबड होती. एकेक बाई कोंबड्या काखोटीला मारून बुधीबाईच्या अंगणात येत होती आणि लुगड्याची चिंधी कोंबडीच्या पायाला बांधून तिथे सोडत होती. ‘आजी, ह्या दोन आन् ही तीन. ही तांबडी अंडं कुटं बी घालती, ध्यान ठेव.’ बुधीबाई नुसती मान हलवायची. मग ती बाई परत आपल्या झोपडीशी गेली, दार ओढून घेतलं आणि कुडाला टेकवलेली बोराटीची फांदी उचलून दारावर आडवी लावली.

मी तिथेच उभा राहिलो. रामभाऊ पुढे गेले होते, ते मागे वळून म्हणाले, ‘काय झालं सायब?’

मी त्या बाईला विचारलं, ‘ही फांदी कशाला?’

‘गुरं शिरत्यात न्हवं आत.’

‘परत कधी येणार?’

‘पाऊस पडायच्या आत येतोच की. ईट कोन थापतं पावसात?’

‘आणि कायमचं जायचं असेल तर?’

तिला घाई होती. उत्तर बुधीबाईने दिलं. तिने झोपड्यांमधल्या एका मोकळ्या जोत्याकडे हात केला. तिथे नुसते चार दगड होते. ‘त्यो कायमचा गेला. वासं, कौलं, दार, समदं घेऊन गेला. कायमचा जानारा लाकूड मागं ठेवतो व्हय?’

मी फील्डबुक काढून नऊ महिन्यांपूर्वीचं पान उघडलं. बावीस वेळा ‘ओसाड’, माझ्याच अक्षरात. समासात ‘कोंबड्या ६२’. पहिल्यांदा राग आला तो तक्ता छापणाऱ्यावर. मग लक्षात आलं की तक्त्यात कुलूपबंद हा रकाना होताच. गावातल्या एकतीस घरांना लोखंडाचं कुलूप होतं आणि त्यांच्या वतीने बोलायला सरपंच होते. इथल्या बावीस घरांना बोराटीचं कुलूप होतं आणि त्यांच्या वतीने बोलणारी म्हातारी समोर बसली होती. तिला मी काही विचारलंच नव्हतं.

तिने मला ओळखलं होतं. ‘तवा बी आलतास तू. कोंबड्या मोजल्यास. त्या कुनाच्या त्ये न्हाई इचारलंस.’

ट्रक सुटला. रामभाऊंनी त्यातली डोकी मोजायचा प्रयत्न केला. त्रेचाळीसपर्यंत गेले आणि वळण आलं. असे दोन ट्रक आदल्या दिवशीच गेले होते.

सबनीस साहेबांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी फाइल मागवून माझी घरयादी काढली. मग म्हणाले, ‘काम सुरू व्हायच्या आत सुधारित अंदाजपत्रक पाठवता येईल. फेब्रुवारी अखेरपर्यंत. त्यानंतर टाकी ओतली जाईल आणि मग काही बदलणार नाही. मला घरमालकांच्या नावांची यादी हवी, अंगठ्यांसकट, आणि ग्रामसभेचा ठराव. आणि तुझी आधीची पाहणी चुकीची होती असं तुला लिहून द्यावं लागेल.’

मी लिहून दिलं: ‘पाहणीत बावीस घरे ओसाड म्हणून नोंदली गेली.’ साहेबांनी लाल पेनाने ‘नोंदली गेली’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘मी नोंदली.’ तो कागद फायलीत आहे.

आता अडचण अशी की ज्यांची नावं हवीत ती माणसं निघून गेली होती, आणि ती परत येणार पाऊस पडायच्या आत, म्हणजे मेअखेर. मी रविवारी वाडीवर गेलो आणि बुधीबाईसमोर बसलो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने कोंबड्या बोलावल्या.

‘ही तांबडी चिंधी काळूची. काळू, त्याची बायको, म्हातारा, चार पोरं. मोज. ही पिवळी सोम्याची. त्याला पोरगी झाली दसऱ्याला, ती बी धर. ही हिरवी गोमाची. दोघं आन् तीन पोरं.’

‘कुठल्या भट्टीवर गेलेत?’

‘भट्टीचं नाव मला कुटं ठावं? काळू उर्शाकडं. सोम्या पवनंकडं. गोमा घाटाखाली गेलाय, कोळसा पाडाया.’

बावीस घरं झाली. मी आयुष्यात शेकडो घरयाद्या केल्या. कोंबड्यांच्या क्रमाने लिहिलेली ही एकच. एकदाही ती अडखळली नाही. एका चिंधीचा रंग उडाला होता, ती कोंबडी तिने उचलून वजनावरून ओळखली.

पुढचे आठ रविवार मी मोटारसायकलवरून वीटभट्ट्या फिरलो. बायको म्हणाली, ‘रविवारी पुण्याची माणसं पोरांना घेऊन लोणावळ्याला येतात. आपण जवळ राहून भट्ट्या बघतो. एकदा मुलांना तरी घेऊन जा, त्यांना वीट कशी करतात ते कळेल.’ एका रविवारी खरंच नेलं. मुलांना आवडलं.

काळू भेटला तो उर्से बाजूच्या भट्टीवर, कोपरापर्यंत चिखलात. मी कशासाठी आलो ते त्याला दोनदा सांगावं लागलं.

‘पानी तितं देनार, आन् मोजताय हितं?’

‘तिथे तुम्ही नव्हता.’

‘हितं बी न्हाई, सायब. हितं इटा मोजत्यात.’ त्याच्या शेजारची माणसं हसली. मग तो गंभीर झाला. ‘नळ खरंच येनार का? का नुसतं नाव लिव्हून नेनार?’

‘यादी पुरी झाली तर प्रयत्न करता येईल. खात्री देत नाही.’

‘खात्री दिली असती तर अंगठा दिला नसता,’ तो म्हणाला. शाईची पेटी माझ्याकडे होती, पण त्याने हात धुवायच्या आधीच अंगठा कागदावर ठेवला. लालसर, स्वच्छ उठला. मग सगळ्यांनी तसेच दिले. साहेबांनी यादी पाहून विचारलं, ‘ही शाई कुठली?’ मी म्हटलं, ‘भट्टीची माती.’ त्यांनी पान उन्हाकडे धरलं, रेषा पाहिल्या आणि म्हणाले, ‘चालेल.’

बावीसपैकी एकवीस घरं सापडली. गोमाचं सापडलं नाही. खोपोलीच्या बाजूला मी दोनदा घाट उतरलो. कोळसा पाडणारे एका जागी थांबत नाहीत. मी पोहोचलो तिथे राख होती. मी बुधीबाईला सांगितलं की गोमाचं घर यादीत घेता येणार नाही.

‘हिरवी चिंधी ऱ्हायली की मग.’

‘अंगठा नाही, आजी.’

‘कोंबडी हाय की.’

‘कोंबडीवर टाकी बांधता येत नाही.’

 नियमाने माझं बरोबर होतं. पहिल्या वेळीही नियमाने माझं बरोबरच होतं.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला, देवळाच्या मंडपात. ठरावाचा विषय निघाल्याबरोबर धोंडिबा आबा म्हणाले, ‘सायब, त्यांचं काय खरं हाय? आज हितं, उद्या तितं. त्यांच्यापाई आमचं पानी कमी करनार व्हय?’

‘पाणी कमी होणार नाही. टाकी तेवढी मोठी होईल.’

‘पन जी मानसं गावातच न्हाईत ती धरायची कशी?’

‘आबा, तुमचा थोरला कुठे असतो?’

‘चाकणला. म्हाईतच हाय की तुमाला.’

‘घरी किती दिवस येतो?’

‘येतो की. गनपतीला, जत्रंला. सुगीला बी येतो.’

‘सगळे मिळून किती दिवस?’

 खांबाआडून त्यांच्याच घरातलं कुणीतरी म्हणालं, ‘पंधरा बी न्हाई. सून तर तीन बी न्हाई.’ मंडप हसला.

‘त्याची चार माणसं मी धरली आहेत,’ मी म्हणालो. ‘वाडीवरची माणसं वर्षाला पाच-सहा महिने इथे असतात. तुमचा थोरला पंधरा दिवस.’

‘आमच्या घराला कुलूप हाय, सायब.’

‘म्हणूनच धरली. आता तुम्ही सांगा. हजर नसलेला माणूस धरायचा नसेल तर मी वाडीची एकवीस घरं काढतो. पण मग गावातली एकतीस कुलपंही काढावी लागतील. एकच नियम लावायचा. टाकी किती लहान होईल त्याचा आकडा मी करून आणला आहे, वाचू का?’

आबांनी ‘नको’ म्हणून हात हलवला. मग कोपऱ्यातल्या ग्रामसेवकाला म्हणाले, ‘लिव्हा ठराव.’ आणि मला, ‘तुमी लय आकडंवाले, सायब. तुमच्या घरी सून नांदल का, काय कळत न्हाई.’ त्यावर मंडप पुन्हा हसला, मीही.

सुधारित अंदाजपत्रक मुदतीच्या चार दिवस आधी गेलं. वाडी: पंचवीस घरं, एकशे अठरा माणसं, वेगळी पाइपलाइन चौदाशे मीटर, एक छोटी टाकी, एक नळकोंडाळं. त्या एकशे अठरांचं तीस वर्षांनी काय होईल, ते काढायला माझ्याकडे मागचा एकही आकडा नव्हता. जनगणनेत वाडी वेगळी नसते, गावात मिसळलेली असते. आणि शिरगणती फेब्रुवारीत होते, म्हणजे नेमकी बोराटीच्या दिवसांत. गावाचाच वाढीचा दर वाडीला लावला. ती माझी आणखी एक अधिकृत चूक.

काम दुसऱ्या वर्षीच्या मेमध्ये पुरं झालं. माणसं भट्ट्यांवरून परत आली तेव्हा वाडीत नळ होता. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. रामभाऊ होते. त्यांनी सांगितलं की बायकांनी आधी हंडे भरले नाहीत, पोरांना धरून नळाखाली बसवलं आणि भट्टीची माती धुतली. गोमाचं घर आलं नव्हतं. पुढच्या वर्षीही आलं नाही.

यानंतर मी त्या वाडीत गेलो तो बारा वर्षांनी. आता घरोघर नळ द्यायचे आहेत, माणशी चाळीसऐवजी पंचावन्न लिटर धरतात आणि घरयादी मोबाइलवर भरतात. वाडीत एक्केचाळीस घरं झाली आहेत. काहींना पत्र्याची दारं आणि खरी कुलपं आहेत. काळूचा मुलगा लोणावळ्याच्या एका हॉटेलात आहे. तो शनिवारी घरी येत नाही, बुधवारी येतो. गावात उलट झालंय. एकतीसची त्रेपन्न कुलपं झालीत. माझा वाढीचा दर गावात जास्त पडला आणि वाडीत कमी.

बुधीबाई आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, कोंबड्या हाताने चाचपते. मी आलो म्हणून सांगितल्यावर म्हणाली, ‘मोजनारा का? बस.’

गोमाचं घर तसंच होतं. कौलं होती, वासे होते, दार होतं. दारावर बोराटीची फांदी होती, आणि ती तेव्हाची नव्हती. पानं अजून पुरती वाळलेली नव्हती.

‘ही कोण लावतं?’

‘जाताना कोनी बी लावतं. मी सांगते.’

‘येतील का ते?’

‘दार हाय न्हवं?’

तिने अंगण चाचपून एक कोंबडी धरली आणि माझ्यापुढे केली. पायाला हिरवी चिंधी होती. मूळच्या कोंबडीच्या कितव्या पिढीची, ते मी विचारलं नाही.

मोबाइलवर तेच तीन पर्याय येतात: वापरात, कुलूपबंद, ओसाड. मी कुलूपबंद निवडलं. आता अंगठा लागत नाही, दाराचा फोटो लागतो. फांदीसकट फोटो काढला. रामभाऊ मागून पाहत होते. ते आता निवृत्त आहेत, माझ्याबरोबर हौसेने येतात.

‘सायब, तपासनी झाली तर?’

‘तर खाली माझी सही आहे.’

माणसांची संख्या विचारली तिथे मी पाच लिहिले. एवढ्या वर्षांत पाचांचे किती झाले असतील ते मला तिन्ही रीतींनी काढता आलं असतं. ती पोरं आता कुठेतरी मोठी झाली असतील आणि दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत असतील किंवा नसतील. मी पाचच लिहिले. चोवीस वर्षांत पुराव्याशिवाय लिहिलेला हा एकच आकडा आहे, आणि तो इथे छापला जाणार याची मला कल्पना आहे.

गेल्या महिन्यात वाडीतले नळ बसले. गोमाच्या दारासमोरही एक बसला आहे. तोटी बंद आहे. पाणी तोटीपर्यंत आलेलं आहे.